खिशात ठेवलेली चिठ्ठी

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी माईक लागतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. सकाळी साडेसातला नदीकाठी सतरंज्या अंथरतात, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, साखर कारखान्याचे संचालक, तालुक्याहून आलेले झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी, प्रत्येकाला 'दोन शब्द' बोलायचे असतात. तिकडे पिंड मांडलेले, घरचे लोक कावळ्याची वाट बघत उभे, आणि इकडे दोन शब्दांची पंधरा मिनिटं होतात. ही सगळी गाडी रुळावर ठेवायला एक सूत्रसंचालक लागतो. आमच्या गावात आणि खर्ड्याच्या आसपासच्या चार-पाच गावांत ते काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं.

मी हायस्कूलला मराठी शिकवायचो. आवाज खणखणीत आणि भीड कुणाची नाही, एवढ्या भांडवलावर माईक माझ्या हाती आला. पद्धत अशी की, ज्याला बोलायचं आहे त्याने चिठ्ठीवर नाव लिहून माझ्याकडे पाठवायचं आणि मी ते पुकारायचं; बोलायला दोनच मिनिटं. कुणाचं आधी, कुणाचं मागून यावरून रुसवेफुगवे होतात. एका बड्या पुढाऱ्याच्या हातातून मी आठव्या मिनिटाला माईक काढून घेतला होता, तर तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. चिठ्ठी आली की नाव पुकारायचं, मग माणूस कुठल्याही बाजूचा असो, हा माझा नियम होता आणि मी तो लोकांना ऐकवायचोही. तो मी एकदाच मोडला, आणि नेमका सरांच्या दहाव्याला मोडला.

सर मूळचे भिंगारचे. घराणं शिक्षकी आणि कारकुनी पेशातलं. पंचविशीत आमच्या गावच्या शाळेवर आले आणि इथलेच झाले. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं. आम्हा काही जणांना शाळा सुटल्यावरही ते शिकवत राहिले. जातपात, बुवाबाजी, धर्माच्या नावावर चाललेलं राजकारण, यांच्याविरुद्ध उभं राहायची सवय त्यांनी आम्हाला लावली. त्यांच्याभोवती आमचा बारा जणांचा गट तयार झाला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर बसून आम्ही एखादं पुस्तक वाचायचो, निवेदनं लिहायचो, तहसीलवर जायचो. पुढे त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. तो मीच काढला. नवा माणूस भेटला की आम्ही एकमेकांना एकच गोष्ट विचारायचो: आपल्या विचारांचा आहे का?

जे आपल्या विचारांचे नाहीत, त्यांत पहिला नंबर माझ्या वर्गमित्राचा. आम्ही दोघं सरांच्या वर्गात एकाच बाकावर बसायचो. त्याचं एसटी स्टँडजवळ खत-बियाण्यांचं दुकान आहे. गावात मिरवणूक निघाली की गळ्यात भगवं उपरणं घालून सगळ्यात पुढे तो. आणि ज्या ठरावामुळे आमच्या गावात उभी फूट पडली, तो ग्रामसभेत मांडणाराही तोच.

चैत्रात आमच्या देवाची जत्रा भरते. बांगड्या, खेळणी, गोडीशेव, पाळणे. त्यातली बरीच दुकानं मुसलमानांची, आणि ती आमच्या आजोबांच्या वेळेपासूनची. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत याने ठराव आणला की यंदापासून दुसऱ्या धर्माच्या माणसाला जत्रेत जागा द्यायची नाही. असा ठराव कायद्यात बसत नाही हे ग्रामसेवकाला पक्कं ठाऊक होतं. त्याने वहीत 'जत्रा नियोजनाबाबत चर्चा' एवढंच लिहिलं आणि मान खाली घातली. हात वर झाले. सर ऐंशीला टेकलेले, काठी टेकत एकटे उठले आणि हे चूक आहे म्हणाले. लोकांनी हुर्यो करून त्यांना खाली बसवलं. आम्ही बारा जण तिथंच होतो. आम्ही हात वर केले नाहीत, एवढीच आमची मर्दुमकी.

आम्हाला वाटलं, आता सर त्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सर नेहमीसारखे दुकानात. त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता होता: नऊ ते दहा तिथं बसायचं, पेपर वाचायचा, चहा घ्यायचा आणि त्याच्याशी भांडायचं. मला ते सहन झालं नाही. मी सरांना म्हणालो, "तुम्ही त्याच्याकडे बसता, लोकांनी काय समजायचं?"

सर म्हणाले, "मी बोलणं सोडलं तर तो चुकतोय हे त्याला सांगणार कोण? तुम्ही सांगत नाही. तुम्ही एकमेकांनाच सांगता."

मला वाटलं, म्हातारपण. घरी येऊन तसं बायकोला बोलूनही दाखवलं.

सर मार्गशीर्षात गेले. झोपेतच गेले. भिंगारहून नातलग आले. दहावा घरातल्या घरात उरकायचा त्यांचा विचार होता, पण गाव ऐकेना. नदीकाठी एवढी माणसं आणि मधोमध माईक बघून सरांचा पुतण्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आमच्यात असं नसतं हो." मी म्हणालो, "आमच्यात असतं. आणि सर आमचे होते."

चिठ्ठ्या येऊ लागल्या. आठ-नऊ झाल्या असतील. मग एक चिठ्ठी आली, खताच्या कंपनीच्या छापील पॅडवरची, घडी घातलेली. उघडली तर माझ्या वर्गमित्राचं नाव. चौथीत ज्या वळणाने लिहायचा त्याच वळणात.

नाव वाचल्यावर मी त्या चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं नाही. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथं आमचे सगळे बसले होते, आणि चिठ्ठी कुणी पाठवली हे त्यांनी पाहिलेलं होतं. ते काही बोलले नाहीत, त्यांनी मानही हलवली नाही. मी चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी घातली. मग तालुक्याचा एक पुढारी बोलला, तो बारा मिनिटं बोलला आणि सरांचं आडनाव चुकला. त्याला मी थांबवलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर हातात ती एकच चिठ्ठी उरली. मी ती खिशात घातली आणि माईकवर म्हणालो, "वेळेअभावी आपण इथंच थांबू." तो मागे लिंबाखाली उभा होता. पिंडाला कावळा शिवला, लोक उठले, तोही गेला.

दुपारी ग्रुपवर अंगठे आणि टाळ्या. 'सर, बरोबर केलंत.' 'विचारांशी तडजोड नाही.' मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तेव्हा मला खरोखर बरं वाटत होतं, हे लपवून उपयोग नाही.

एकटा असतो तर मी ते नाव पुकारलं असतं. हे मी स्वतःची बाजू सावरायला सांगत नाही, उलट त्यामुळे तर मी जास्तच दोषी ठरतो. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिला नगरला नेणारा टेम्पो याचाच होता, आणि तो स्वतः चालवत होता. दहाव्याच्याच आठवड्यात मी त्याच्या दुकानातून युरियाच्या दोन गोण्या आणल्या होत्या. त्याचं नि माझं समोरासमोर कधी भांडण झालेलं नव्हतं. पण पहिल्या रांगेपुढे तो माझा वर्गमित्र राहिला नाही, तो 'त्यांच्यातला' झाला, आणि मी 'आपल्यातला' राहायला हवं होतं. सहिष्णुता हा शब्द आम्ही आमच्या प्रत्येक निवेदनात वापरायचो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मात्र मुलांना शिकवायपुरती ठेवली होती.

पंधरा दिवसांनी पेन्शनचे कागद घेऊन काकूंकडे, म्हणजे सरांच्या पत्नीकडे गेलो. त्यांनी सह्या केल्या, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "तो का नाही बोलला रे?"

"वेळ कमी होता, काकू."

"त्या पुढाऱ्याला बारा मिनिटं होती. ज्याला आमचं आडनाव येत नव्हतं."

मी कागद सारखे करू लागलो.

"तीस वर्षं हे दहा वाजता घरी यायचे आणि मला सांगायचे, आज तो असं म्हणाला, मग मी असं म्हणालो. जेवण होईपर्यंत तेच. तुमच्या बैठकीतलं हे मला कधी काही सांगायचे नाहीत. मी त्या दिवशी त्याच्यासाठी बसले होते. बाकीचे काय बोलणार ते मला माहीतच होतं."

मग मी खरं सांगितलं. काकू चिडल्या नाहीत. कागद माझ्या हातात देत म्हणाल्या, "तू केलंस, तूच निस्तर."

ते निस्तरायला मला दहा महिने लागले. दुकानावरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरायचो. दरम्यान सव्वीस जानेवारी आली, ठराव पुन्हा आला, आणि या वेळी उठायला सर नव्हते. आमच्यातलं कुणी उठलं नाही. मीही मूग गिळून बसलो. वीस वर्षं जत्रेला येणारी एक बांगडीवाली त्या चैत्रात वेशीपर्यंत आली, यंदा तरी जागा मिळेल का म्हणून चौकशी केली आणि पेटारा तसाच डोक्यावर घेऊन माघारी गेली. ग्रुपवर आम्ही त्याचा तीव्र निषेध केला.

दिवाळीनंतर सरांच्या वर्षश्राद्धाला शाळेच्या पटांगणात पुण्यस्मरणाचा कार्यक्रम करायचं ठरलं. तेव्हा मी मन घट्ट केलं आणि एका सकाळी दुकानात शिरलो. तो गव्हाच्या बियाण्याच्या पिशव्या लावत होता. वर बघितलं नाही.

मी म्हणालो, "दहाव्याला तुझी चिठ्ठी माझ्याकडे आली होती. मी मुद्दाम पुकारली नाही."

"म्हाईत हाय. खिशात घालताना बघितलं की मी."

"पुण्यस्मरणाला बोलशील?"

आता त्याने वर पाहिलं. "तुझे लोक बोलू देतील व्हय?"

"माईक माझ्याकडे आहे."

"आन् माझ्या लोकांचं काय? ते म्हंत्यात, त्यांच्या स्टेजवर पाय ठेवला तर आमी तोंड बघनार न्हाई तुजं." त्याने पिशवी खाली ठेवली. "आन् एक सांगतो. मी गोड गोड बोलनार न्हाई. सर चुकत हुते, ते चुकत हुते असंच बोलनार."

"बोल," मी म्हणालो.

आमच्या बैठकीत मी हे सांगितल्यावर जो काही गोंधळ झाला, तो मी आयुष्यभर विसरणार नाही. सगळ्यात नीट बोलला तो आमच्यातला तरुण वकील. माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, ज्याने गरिबाच्या पोटावर पाय दिला, त्याच्या हातात आपण माईक द्यायचा? मग त्या बांगडीवालीला काय सांगायचं?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आजही मला त्याला सणसणीत उत्तर देता येत नाही. त्या बाईपुढे उभं राहून मला सहिष्णुतेवर चार वाक्यं बोलता आली नसती. पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला होता, आणि तो मी बोलून टाकला. "जानेवारीत आपण बारापैकी अकरा जण त्या सभेत होतो. कोण उठलं? दोन वर्षांत आपल्यापैकी एक तरी माणूस त्या दुकानात जाऊन त्याला म्हणाला का, की बाबा, तू चुकतोस? आपण त्याचा निषेध इथं करतो. इथं तो नसतो."

वकील म्हणाला, मत घेऊ. हात वर झाले. माझ्या बाजूने माझा एकट्याचा. मी म्हणालो, "ठीक आहे, गटाचा निर्णय गटाला लखलाभ. चिठ्ठी आली तर मी नाव पुकारणार." आणि चप्पल घालून निघालो.

कार्यक्रमाच्या सकाळी पटांगण भरलं होतं. काकू पुढे खुर्चीवर, अंगावर शाल. चिठ्ठ्या आल्या, त्याचीही आली. मी ती पाचवी ठेवली, जिथं आली तिथं. पाचवा नंबर आला तेव्हा मी आधी चार वाक्यं बोललो. ती मी घरी पाठ केली होती, कारण ऐनवेळी माझी जीभ मला फसवणार हे मला माहीत होतं.

"गेल्या वर्षी नदीकाठी मी म्हणालो होतो, वेळ नाही. वेळ होता. माझ्या हातात एका माणसाची चिठ्ठी होती आणि तो आपल्या विचारांचा नाही म्हणून मी ती खिशात घातली. काकूंची आणि त्याची मी माफी मागतो."

आमच्यातले आठ जण उठले आणि फाटकाकडे चालू लागले. त्याला बोलावणं कदाचित त्यांनी पोटात घातलं असतं. पण आपण असं करतो, हे मी माईकवर सांगितलं, ते त्यांना झोंबलं. वकील जाताना माझ्याकडे बघतही नव्हता. त्या पोरावर माझा फार जीव होता, आणि आहे. मी नाव पुकारलं.

तो आला. गळ्यात उपरणं होतं. मला वाटलं होतं, आज तरी घालणार नाही. त्याच्या बाजूचं एकही माणूस पटांगणात नव्हतं. त्याने सरांच्या फोटोला नमस्कार केला आणि सुरुवातच अशी केली, "सर लई मोठे, पन जत्रेच्या बाबतीत सर चुकले हुते. मी तवा बी म्हनलो, आज बी म्हनतो." आणि मग तो आपली बाजू मांडू लागला.

ते काय होतं ते मी इथं पुन्हा लिहीत नाही. त्यातलं एकही वाक्य मला पटलं नाही. काही वाक्यांनी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि माझा दोन मिनिटांचा नियम अख्ख्या तालुक्याला माहीत होता. मी पुढे होऊन हात केला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मला तोवर वाटत होतं की नाव पुकारलं की माझं काम झालं. खरं काम आता सुरू झालं होतं, आणि ते म्हणजे नुसतं उभं राहणं. मी हात मागे बांधले आणि ऐकत राहिलो. एका वाक्याला काकू हसल्या. सरांनी त्याला काय उत्तर दिलं होतं ते बहुतेक त्यांना ठाऊक असावं.

सहाव्या मिनिटाला तो आपोआप थांबला. म्हणाला, "वरीस झालं, दुकानात कुनी वाद घालाया येत न्हाई. जे येत्यात ते समदे 'बराबर हाय दादा' म्हनत्यात." माईक माझ्याकडे दिला आणि खाली उतरला.

दुपारी मी फोन उघडला तर ग्रुपमधून काढल्याचा संदेश. मीच काढलेला ग्रुप. पुढच्या दहाव्याला माईकवर दुसराच माणूस होता. मी सतरंजीवर बसून ऐकलं. बरा बोलतो, जरा जास्त यमकं जुळवतो. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं, ते नाकारत नाही. माझ्या वयाच्या माणसाला नवे मित्र मिळत नसतात.

पण मी दुसऱ्या दिवसापासून नऊ वाजता त्या दुकानात जाऊ लागलो. सरांची जागा घ्यायची माझी ऐपत नाही. सर हसत भांडायचे, माझा आवाज चढतो. दोनदा मी चहा तसाच टाकून उठून आलो. एकदा त्याने मला "चालता हो" म्हटलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मी त्याला त्या बांगडीवालीचं सांगितलं, पेटाऱ्यासकट. तो म्हणाला, एका बाईवरनं धोरन ठरत नस्तं. मी म्हणालो, एकेका बाईवरूनच ठरतं. रोज हेच. महिनाभरात तो तसूभरही हलला नाही आणि मीही नाही.

मग यंदाची सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झालं, ग्रामसभा बसली. आमचे जुने सोबती एका कडेला होते, मी दुसऱ्या कडेला. ठराव आला. सरपंच म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी हात वर करा. भराभर हात वर झाले. माझ्या वर्गमित्राचाही झाला, पहिल्या रांगेत, सरळ, कोपरात न वाकता. मी त्याच्याकडे बघत होतो. मग मी उठलो.

"माझा विरोध आहे," मी म्हणालो, "आणि तो का, ते मला सांगायचं आहे."

पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत हुर्यो सुरू झाली. "बसा मास्तर." "झाला की ठराव." कुणीतरी शिट्टी मारली. मागून कुणीतरी माझा सदरा ओढला. मी आवाज चढवला, तसा त्यांचाही चढला. माझ्या बाजूने एकही माणूस उठला नाही. मी बसलो नाही. बसायचं नाही, हे मी घरूनच ठरवून आलो होतो.

तेव्हा पहिल्या रांगेत तो उभा राहिला आणि मागे वळला.

"ए, गप बसा," तो ओरडला. "बोलू द्या त्याला. चुकतोय त्यो, पन बोलू द्या."

ठरावाच्या बाजूने वर केलेला त्याचा हात अजून वरच होता. सभा शांत झाली, आणि मी बोललो.